भिंतीकडचा साप

२७ मार्च

परवानगी मिळाली. कागद हातात आहे, कागदावर शिक्का आहे आणि शिक्का वाचता येतो. आपल्या कचेऱ्यांच्या मानाने हा चमत्कारच.

गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतीत चार आणि पाच नंबरच्या इमारतींमध्ये जी मोकळी जागा आहे, ती मेअखेरपर्यंत रहिवाशांना भाजीपाल्यासाठी वापरता येईल. मेच्या शेवटी मंडळाचे साहेब स्वतः पाहायला येणार. बाग हिरवी असेल तर तीन वर्षे मुदतवाढ. वाळलेली असेल तर जागा आप्पासाहेबांना. आप्पासाहेबांच्या जीपगाड्या कन्नडच्या रस्त्याला चालतात आणि रात्री त्यांना उभे राहायला जागा लागते. स्वतः ते वसाहतीत राहत नाहीत, पण तिथल्या प्रत्येक मोकळ्या फुटावर त्यांचा डोळा आहे.

एक अट आहे. नळाचे पाणी बागेला घालायचे नाही. घातलेले सापडले तर परवानगी त्याच दिवशी रद्द. हमी म्हणून माझी सही. साहेबांनी विचारले, "मॅडम, तुम्ही तर वसाहतीत राहत नाही. तुम्हाला यात काय मिळणार?" मी म्हटले, "माझ्या खिडकीतून तो उकिरडा दिसायचा. आता मेथी दिसते. एवढे पुरे नाही का?"

खरे तर टेलिफोन खात्यातून ऑपरेटर म्हणून निवृत्त झाल्यापासून मी फक्त तक्रारी केल्या. रस्त्याच्या, डासांच्या, भोंग्यांच्या. उकिरड्याच्याही केल्या. उकिरडा मात्र उपसला तो दगडाबाई आणि कडूबाई यांनी, दिवाळीनंतर, कुणाला न विचारता. मग मंडळाची नोटीस आली आणि दोघी माझ्या दारात आल्या. "म्याडम, तुमास्नी इंग्रजीतून भांडता येतं म्हने." आयुष्यात मिळालेल्या प्रशस्तिपत्रांत हे मला सर्वांत आवडले.

६ एप्रिल

आज पाण्याचा दिवस. माझी युक्ती चालली!

आमच्या शहरात नळ आठवड्याने येतो, आणि तो आला की घरोघरी पहिले काम म्हणजे साठवलेले पाणी ओतून देणे. कालपर्यंत जे वाटीवाटीने वापरले, ते नळाची धार लागताच शिळे होते. पिंप उलटे, पाणी गटारात, पिंप घासून पुन्हा ताजे भरायचे. संभाजीनगरात जन्मलेल्या माणसाला यात काही वावगे वाटत नाही. मलाही कालपर्यंत वाटत नव्हते.

मी सांगितले, ते शिळे पाणी बागेत आणा. अट नळाच्या पाण्याची आहे, शिळ्याची नाही.

सकाळपासून बायकांची रांग. बादल्या, घागरी, तेलाचे डबे. कडूबाई तिसऱ्या मजल्यावरून दोन बादल्या घेऊन उतरल्या आणि धापा टाकत म्हणाल्या, "शिळ्या भाकरीचा काला व्हतो, मंग शिळ्या पान्याची गवार काऊन व्हनार नाय?"

दगडाबाई वाफ्यात पाणी सोडत होत्या. त्या क्वचितच बोलतात. कन्नडकडच्या कुठल्याशा खेड्यात त्यांचे शेत होते, मुलगा कंपनीत लागला तशा इथे आल्या. वाफ्यात बसल्या की त्यांचा चेहरा बदलतो, एवढे मात्र मी पाहिले आहे.

२० एप्रिल

नळ आता आठवड्याने येईनासा झाला. दहा दिवस म्हणता म्हणता बारा झाले. कारण कुणी सांगत नाही. एकदा पाइप फुटला, एकदा पंप, एकदा वीज. मी फोनवर विचारले, "आज नक्की काय फुटले आहे?" तर फोन ठेवला.

आणि आता कुणालाच पाणी शिळे वाटत नाही. पिंपाच्या तळाशी राहिलेलेही लोक गाळून पितात. बागेत आज अडीच बादल्या आल्या. त्यांतली एक माझी, आंघोळीची.

पालक संपला. मेथीची पाने कडेने जळाली आहेत. गवार अजून तग धरून आहे, पण तीही मान टाकते.

संध्याकाळी आप्पासाहेब आले. पांढरा सदरा, हातात दोन मोबाइल. वाफ्यांच्या कडेने पावले टाकत गेले, परत आले.

मी विचारले, "काय मोजताय?"

"काही नाही हो. सहा गाड्या बसतील का आठ, ते बघत होतो." मग वाळलेल्या पालकाकडे बघून, "तुमचं बागकाम चालू द्या ना, म्याडम. मे संपायला वेळ हाय अजून."

दात ओठ खाऊन झोपायला जाते आहे. या वयात दात जपायला हवेत.

२४ एप्रिल

एका बादलीवर सहा वाफे. दोडक्याचा वेल गेला.

आज प्रथमच वाटले, सही करायला नको होती. हरले तर कडूबाईंचा भाजीचा खर्च वाढेल, दगडाबाईंचा जीव जाईल, आणि मी खिडकीतून रोज आठ जीपगाड्या बघेन. यांतले तिसरे मला सर्वांत जास्त बोचले. असे असू नये. पण आहे.

३ मे

बाग जगली!

पाय मुरगळला म्हणून चार दिवस गेले नव्हते. आज लंगडत गेले आणि पाहतच राहिले. गवारीला फूल. भेंडी ताठ. भिंतीकडच्या दोन वाफ्यांत तर आंबट चुका एवढा माजला आहे की माती दिसत नाही. दगडाबाई खुरपत होत्या.

मी म्हटले, "पाहिलंत? मी सांगत होते, मातीवर पालापाचोळा पसरा. ओल टिकते."

"व्हय, म्याडम," त्या म्हणाल्या. "तुमच्या पाल्यानंच."

मी भिंतीकडे निघाले, चुका जवळून पाहावा म्हणून. तर कडूबाई आडव्या आल्या. "तिकडं नगं, म्याडम! साप हाय."

"कुणी पाहिला?"

"समद्यांनी पाह्यला. लई मोठा. प्रेरणा, व्हय का नाय?"

प्रेरणा ही दगडाबाईंची सून, औषधांच्या दुकानात काम करते. ती मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "हो मॅडम, काळा आहे. तुम्ही टेन्शन नका घेऊ, फक्त तिकडं जाऊ नका."

मी गेले नाही. वडिलांनी माझे नाव अश्लेषा ठेवले ते मी त्या नक्षत्रावर जन्मले म्हणून. या नक्षत्राची मुलगी सासूला वाईट, असे म्हणतात. दोन स्थळांनी नाव ऐकूनच पाय काढला, तेव्हा वडील म्हणाले, "नावानेच चाळण लागली, बरे झाले." नक्षत्राची देवता सर्प. आणि मला गांडुळाचीही भीती वाटते.

६ मे

पाण्याचा दिवस. पण हे काय पाणी! करंगळीएवढी धार. एक बादली भरायला चहा करून, पिऊन, कप विसळून होतो. मागच्या खेपेलाही कमी होते, पण एवढे कमी यंदा प्रथमच.

कारण मला ठाऊक आहे. वर राहतो श्रीरंग. वय पस्तीस, हसतमुख, बायकोही तशीच, दोघे सकाळी आठला गाडीत बसून जातात. त्यांनी मागच्या वर्षी नळाला मोटार लावली. ती सगळे पाणी ओढून घेते आणि मी खाली कोरडी ठणठणीत. मी त्याला जिन्यात गाठले.

"श्रीरंग, मोटार बंद ठेव. नळाला मोटार लावणे गुन्हा आहे."

"काकू, मोटार बंदच आहे."

"मग पाणी कुठे गेले? माझ्या नळातून ते वाट चुकले?"

तो हसला. मी हसले नाही. लगेच पाण्याच्या खात्याकडे दोन तक्रारी नोंदवल्या, एक फोनवर, एक लेखी. दाब कमी, कारण शोधावे, लाइन तपासावी.

दुपारी दारात दगडाबाई. डोक्यावर स्टीलचा हंडा, काठोकाठ. उंबऱ्याच्या आत ठेवला.

"हे काय?"

"पानी, म्याडम. तुमच्याकडं कमी आलं म्हने."

"अहो, तुमच्याकडे तरी कुठे जास्त आहे? परत न्या."

"तुमचंच हाय, म्याडम," म्हणाल्या आणि रिकाम्या चुंबळीसकट निघूनही गेल्या.

किती गोड बोलतात ही माणसे. आमच्या नात्यात कुणी एका चमच्या साखरेलाही 'तुमचंच आहे' म्हटलेले मला आठवत नाही. पण माझ्याकडे पाणी कमी आले ते त्यांना कळले कसे, हे विचारायचे राहिले. मी फार मोठ्याने बोलते, तेच असेल.

१३ मे

आज मी एक चांगले काम केले आणि सगळ्यांची तोंडे उतरली.

बागेत साप असताना साहेबांना कसे आणायचे? साहेब भिंतीकडे गेले आणि काही झाले तर? म्हणून मी पडेगावच्या सत्यमला फोन केला. तो सर्पमित्र आहे, साप पकडतो, जंगलात नेऊन सोडतो, पैसे घेत नाही. गुरुवारी येतो म्हणाला.

बायकांना सांगितले तर कडूबाईंच्या हातातला विळा खाली पडला. "काऊन बोलावलं, म्याडम? तो पूजेचा हाय. कुनाला काय करत नाय."

"पकडून सोडणार आहे, मारणार नाही."

"आन् त्याची जोडीदारीण आली तर? मंग?"

शिकलेली प्रेरणा तरी समजून घेईल असे वाटले. ती म्हणाली, "मॅडम, कॅन्सल करा ना. साप गेला असेल."

"मग सत्यम येऊन सांगेल, गेला म्हणून."

अंधश्रद्धेपुढे माणूस काय करणार. दगडाबाई माझ्याकडे बराच वेळ पाहत होत्या. रागाने नाही. वजन करतात तसे.

१५ मे

आज लिहायला पुष्कळ आहे. सुरुवातीपासून लिहिते.

सकाळी नळ आला आणि काय धार! बादली भरताना आवाज आला, तो आवाज मी विसरलेच होते. पिंप, टाकी, पातेली, सगळे भरले. तक्रारीचा परिणाम, किंवा श्रीरंग घाबरला. आज दगडाबाई हंडा घेऊन आल्या नाहीत. त्याचे मला थोडे वाईट वाटले, हेही लिहून ठेवते.

दुपारी सत्यम आला. हातात आकडा, पाठीला पिशवी. बायका भिंतीपासून दूर एका ओळीत उभ्या. त्याने काटेरी फांद्या बाजूला केल्या. खाली पत्रा. पत्रा आकड्याने उचलला आणि बराच वेळ वाकून राहिला.

"सापडला?" मी लांबूनच ओरडले.

"मॅडम," तो म्हणाला, "इथं नागोबा नाही. नळोबा आहे."

मी गेले. भीती विसरून गेले. पत्र्याखाली मानेपर्यंत पुरलेला निळा ड्रम, तळाशी थोडे पाणी. शेजारी महापालिकेच्या व्हॉल्व्हचा खड्डा. व्हॉल्व्हच्या खालच्या पाइपाला चीर, त्यावर सायकलची ट्यूब आवळून बांधलेली, त्यावर चिंध्या. चिरेखाली प्लास्टिकच्या कागदाची पन्हळ, सरळ ड्रमात जाणारी. ट्यूब सोडली की नळाच्या दिवशी ड्रम भरत असणार. ट्यूबची गाठ ताजी होती. आजच्यासाठी बांधलेली.

सत्यम हसत होता. "लाइन रस्त्यापलीकडं जाते वाटतं," म्हणाला. मी त्याला चहा पाजून वाटेला लावले. पुढचे भांडण परक्यासमोर करायचे नव्हते.

मग मी तोंड सोडले. चोरी, फसवणूक, माझी सही, सगळे. मी शिव्या देत नाही, पण शाळेतल्या सिस्टर अॅग्नेस यांनी शिकवलेले इंग्रजी शिव्यांची जागा नीट भरून काढते. कुणाला शब्द कळले नाहीत, अर्थ सगळ्यांना कळला.

"पाल्याने ओल टिकते म्हणालात मला! पाल्याने!"

प्रेरणा पहिल्यांदा मोबाइल खाली ठेवून बोलली. "चीर आम्ही पाडली नाही, मॅडम. ती आधीच होती. पाणी गटारात जायचं. आम्ही फक्त..."

"फक्त ड्रम पुरलात! मग मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही तक्रार केली असती," ती म्हणाली.

मी केली असती.

मी विचारले, "आणि हे पाणी कुणाच्या वाटचे आहे? कुणाच्या तरी नळाचे कमी होत असेल ना? त्याचा विचार?"

सगळ्यांनी खाली पाहिले. कडूबाई पदराशी खेळू लागल्या. शेवटी दगडाबाई बोलल्या, सावकाश. "ज्याचं हाय, त्याच्या दारात नेऊन देतो, म्याडम. आमच्या वाटच्यातून. समदं नाय देता येत. जमंल तेवढं देतो."

कुणाच्या दारात ते सांगेनात. मीही ताणले नाही. चला, निदान एवढी तरी लाज आहे.

१६ मे

सकाळी रिक्षा करून मंडळाच्या कचेरीकडे निघाले, साहेबांना सगळे सांगून टाकायला. सही माझी आहे. उद्या दुसऱ्या कुणी सांगितले तर बाग जाईलच, आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका दाखवणारी बाई खोटी ठरेल. शाळेत सिस्टर अॅग्नेस खोटे बोलणाऱ्या मुलीला वर्गाबाहेर गुडघ्यांवर बसवत. मी सात वर्षांत एकदाही बसले नाही.

क्रांती चौकात रिक्षा अडकली. मी मनात वाक्ये जुळवत होते. 'साहेब, माझी फसवणूक झाली आहे.' 'साहेब, मला एक गोष्ट कळवायची आहे.' सगळ्या वाक्यांत मीच होते.

कचेरीच्या दारात पोहोचले. आत साहेबांच्या टेबलासमोर आप्पासाहेब बसले होते, बशीतून चहा पीत. मला पाहून मोठ्याने म्हणाले, "या, या! बागवाल्या म्याडम! भाजी आणली का साहेबांना?"

साहेबही हसले.

मी म्हटले, "शेजारच्या खोलीत काम आहे," आणि शेजारच्या खोलीत जाऊन तिथल्या कारकुनाला पंखा एवढा का खडखडतो ते विचारले. मग परत आले.

भ्याले का? भ्याले असे वाटत नाही. आप्पासाहेबांच्या बशीचा आवाज ऐकला आणि ती सगळी वाक्ये तशीच परत घरी आणली. योग्य केले की नाही, मला माहीत नाही. बायकांना काही सांगितलेले नाही.

२४ मे

पुन्हा करंगळीएवढी धार! श्रीरंगची भीती आठच दिवस टिकली. मी पुन्हा तक्रार केली, तिसऱ्यांदा, आणि या वेळी वरच्या अधिकाऱ्याला. 'व्हॉल्व्हपासून माझ्या नळापर्यंत लाइन तपासल्याशिवाय मी गप्प बसणार नाही,' असे लिहिले.

श्रीरंगचे दार ठोठावले. त्याने मला आत नेऊन मोटार दाखवली. तारा काळ्या पडलेल्या. "काकू, एप्रिलमध्येच जळाली. आम्ही टँकरचं पाणी घेतो. आमच्याकडेही धार नाहीये."

जळालेली मोटार कुणीही दाखवू शकतो. दुसरी नसेल कशावरून? लोकांना तोंडावर खोटे बोलायलाही आता काही वाटत नाही.

दगडाबाईंचा हंडा मात्र आला. "तुमचंच हाय." मी अजून त्यांच्याशी पूर्वीसारखी बोलत नाही, पण पाणी घेतले. कडूबाई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "म्याडम, ती नळाची तक्रार मागं घ्या ना. कशाला डोक्याला ताप?"

"मी का मागे घेऊ? चोर तो, आणि माघार माझी?"

दोघी एकमेकींकडे पाहत निघून गेल्या.

२९ मे

साहेब आज अकराला आले. सोबत आप्पासाहेब, बोलावल्याशिवाय. बायका नवी लुगडी नेसून वाफ्यांच्या कडेला उभ्या, लग्नात वरमाईकडच्या उभ्या असतात तशा. दगडाबाईंचे ओठ पांढरे पडले होते.

साहेबांनी गवार पाहिली, भेंडी पाहिली. चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही. "एवढ्या उन्हाळ्यात हे कसं जगवलं?"

"शिळ्या पाण्यावर," कडूबाई म्हणाल्या. "आन् म्याडमच्या पाल्यावर."

आप्पासाहेब खाकरले. "साहेब, ते भिंतीकडचं बघा की जरा. तिकडं लईच गारवा दिसतोय. मे महिन्यात चुका एवढा? आमच्या कन्नडला इहिरीवर येत नाही असा."

"हं," साहेब म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

साहेब एक वाफा ओलांडून गेले. दुसरा. काटेरी फांद्या चार हातांवर. दगडाबाईंनी प्रेरणाचे मनगट धरले होते, आणि प्रेरणाची बोटे पांढरी झाली होती.

"साहेब, थांबा!" कुणीतरी ओरडले. आवाज माझा होता. "तिकडे साप आहे."

साहेब जागच्या जागी उभे. "कुणी पाहिला?"

"मी."

"कसला?"

"काळा. मोठा. फडा काढतो." हाताने फडा किती ते दाखवलेही. "पडेगावच्या सर्पमित्राला बोलावलं होतं. त्याला विचारा. आला, खड्डा उघडून गेला. त्याला सापडला नाही. म्हणजे आहे अजून इथेच."

कडूबाईंनी लगेच भिंतीकडे हात जोडले. "जोडीनं हाय, साहेब. अमावस्येला दोघं भाईर येत्यात."

पहिला पाय मागे घेतला तो आप्पासाहेबांनी. चांगले दोन वाफे तुडवत मागे गेले. साहेब त्यांच्या मागोमाग. मला म्हणाले, "तुम्ही म्हणताय म्हणजे असणारच, मॅडम. तुमची ख्याती मला माहीत आहे. तुम्ही कधी कुणाला सोडत नाही." आणि तिथेच, उभ्या उभ्या, मुदतवाढीवर सही केली. तीन वर्षे.

ते गेल्यावर बायका हसल्या, मग दगडाबाई रडल्या, मग पुन्हा सगळ्या हसल्या. "म्याडम," कडूबाई म्हणाल्या, "फडा लई झ्याक काढला तुमी."

घरी येऊन बसले आहे. माझ्या शब्दाची किंमत होती म्हणून तो चालला. आज तिच्यातली थोडी खर्च केली. गुडघे दुखताहेत. वाफ्यांत उभी राहिले म्हणून असेल.

३ जून

पाण्याचा दिवस. धार तीच, करंगळीएवढी. मी बादली नळाखाली लावून बसले होते, तेवढ्यात दगडाबाई आल्या, डोक्यावर हंडा. मागे कडूबाई, त्यांच्याही डोक्यावर हंडा. दोन! मी विचारणार, तोच फोन वाजला. इतकी वर्षे कानाला हेडफोन लावून माझा उजवा कान गेला आहे, म्हणून मी फोन स्पीकरवर घेते.

पाण्याच्या खात्याचा माणूस. आवाज नम्र. "मॅडम, दाब कमी असल्याच्या तुमच्या तीन तक्रारी आहेत. वरून ऑर्डर आली. उद्या सकाळी माणसं घेऊन येतो. समोरच्या वसाहतीत भिंतीकडं व्हॉल्व्ह आहे ना, तिथूनच तुमच्या बिल्डिंगची लाइन निघते. व्हॉल्व्हपासून खोदत येतो. गळती असेल तर तिथंच असणार."

दगडाबाई हंडा खाली ठेवत होत्या. इतक्या दिवसांत त्यांच्या हंड्यातले पाणी कधी हिंदकळले नव्हते. आज सांडले, उंबऱ्यावर, माझ्या पायांवर. थंड होते.

मी पायांकडे पाहिले. हंड्याकडे पाहिले. मग दगडाबाईंकडे. त्यांनी नजर वळवली नाही.

"मॅडम? ऐकताय ना?"

आयुष्यभर दुसऱ्यांचे बोलणे ऐकण्याचा पगार घेतला मी. "ऐकतेय," म्हटले. "आत्ता ऐकू आलं."

"मग उद्या आठला येतो."

"नका येऊ. पाणी भरपूर येतं आता. तक्रार मागे घेते."

"पण तुम्ही तर लिहिलंय, गप्प बसणार नाही म्हणून."

"बसले," मी म्हटले आणि फोन ठेवला.

कडूबाईंच्या डोक्यावर हंडा तसाच. मला खूप बोलायचे होते. महिनाभर मला मूर्ख बनवल्याबद्दल, त्या गोड बोलण्याबद्दल. तोंड उघडले आणि निघाले ते असे, "दोन का आज?"

"तीन वर्सं मिळाली न्हवं," दगडाबाई हळूच म्हणाल्या. "दोन वाफे वाढवले. जास्ती जाईल तुमचं."

"पाऊस लागला की ती ट्यूब बांधायची. घट्ट. आणि बांधली की त्या चिरेची तक्रार मी करणार. इंग्रजीतून."

"व्हय, म्याडम."

"आणि बाई, यापुढे मला साप दाखवायचा असेल तर आधी विचारायचं."

"व्हय, म्याडम." आता त्यांचे डोळे हसत होते.

एक हंडा मी स्वयंपाकघरात नेला. दुसरा कडूबाईंना उतरवू दिला नाही. "चला माझ्याबरोबर वर," म्हटले. जिना चढताना मला काय बोलावे ते सुचत नव्हते. सहसा मला ही अडचण येत नाही.

श्रीरंगने दार उघडले आणि मला पाहून एक पाऊल मागे सरकला. बिचारा. मग हंडा दिसला.

"काकू, हे काय? हे कशाबद्दल?"

"घे आत," मी म्हटले. "तुमचंच आहे."